गडाने पोसलेली माणसं

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)

परवा कागलात एका लग्नाला गेलो होतो. अक्षता पडायला वेळ होता. मांडवाच्या तोंडाशी एक पोरगा आहेराची वही लिहीत बसला होता, त्याच्या शेजारी खुर्ची ओढून मी नावं वाचत बसलो. नाईकवडी, सरनोबत, हवालदार, सबनीस, जमादार, किल्लेदार, गडकरी. वही आहेराची होती, पण वाचताना वाटलं, एखाद्या किल्ल्याची हजेरीच चाललेली आहे. सरनोबत ट्रॅक्टरच्या शोरूममध्ये, हवालदार साखर कारखान्यात, किल्लेदार प्राथमिक शिक्षक. हाताखालची शिबंदी कधीच पांगली, हुद्दे तेवढे आडनावाला चिकटून राहिले.

पुढं पंगतीत माझ्या शेजारी नात्यातला एक कॉलेजात जाणारा मुलगा बसला. मसालेभात पानात पडला तरी त्याचं डोकं मोबाईलमधून वर येईना. काय वाचतोस म्हणून विचारलं, तर एका काल्पनिक जगातल्या लढवय्या लोकांचा इतिहास! त्यांच्या देशाचा नकाशा, राजांच्या वंशावळी, तलवारींची नावं, मरताना घ्यायच्या शपथा, सगळं तपशीलवार. तो रंगून सांगू लागला, "त्यांच्यात जन्मलेला प्रत्येक माणूस लढणाराच. दुसरं काही करतच नाहीत ते."

मी विचारलं, "मग शेती कोण करतं?"

तो जरा थांबला. म्हणाला, "ते दिलेलं नाही."

एवढ्यात वाढपी जिलेबी घेऊन आला आणि विषय तिथंच राहिला. पण 'ते दिलेलं नाही' हे त्याचं वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. कारण कल्पनेतल्याच काय, आपल्या खऱ्याखुऱ्या लढवय्यांच्या इतिहासातही आपण नेमकं तेवढंच देत नाही. तलवार कोणती, घोडी कोणती, घाव किती, हे आपल्याला पाठ असतं. लढणाऱ्याच्या घरची चूल कशावर पेटत होती, हे विचारलं तर आपणही त्या मुलासारखेच थांबतो. म्हणून आज त्या चुलीपासूनच सुरुवात करू या.

शिवकाळात आणि पुढं कोल्हापूरच्या राज्यात किल्ला ज्यांच्या जिवावर उभा असे, त्यांना गडकरी म्हणत. गडकरी ही एक जात नव्हे. सभासदाच्या बखरीत गडाची व्यवस्था सांगितली आहे. हवालदार आणि सरनोबत मराठा, हिशेब ठेवणारा सबनीस ब्राह्मण, कोठाराचा कारखानीस प्रभू. हेतू सरळ होता. एकाचं मन फिरलं तरी गड शत्रूच्या हाती जाऊ नये. ही झाली वरची फळी. गडाच्या पायथ्याला आणि उतारावर जो घेरा असे, तिथल्या मेटांवर, म्हणजे चौक्यांवर, रामोशी, महार, मांग, बेरड, कोळी अशी माणसं रात्रंदिवस राखण करीत. रानातली वाट न वाट त्यांना ठाऊक. परका माणूस आला, तर त्याची बातमी त्याच्या आधी गडावर पोचायची. शत्रूच्या माणसाने वाट विचारली, तर ती चुकवून सांगायची, हाही नोकरीचाच भाग. सदरेवरच्या हवालदाराचं नाव कागदात राहिलं, घेऱ्यातल्या माणसाचं राहिलं नाही. पण गड झोपत असे तो त्याच्या भरवशावर.

या सगळ्यांचा मेहनताना काय? तर जमीन. गडाच्या आसपासची शेतं नोकरीबद्दल लावून दिलेली असत आणि ती बापाकडून मुलाकडे जात. पाळी आली की गडावर जायचं, पाळी संपली की खाली उतरून औत धरायचं. बाप थकला की मुलाने त्याच्या जागी उभं राहायचं, आणि म्हाताऱ्याने त्याच जमिनीच्या तुकड्यावर शेवटचे दिवस काढायचे. साताऱ्याला कंपनी सरकारचा प्रतिनिधी म्हणून राहिलेल्या ग्रँट डफने १८२६ मध्ये मराठ्यांचा इतिहास प्रसिद्ध केला. मराठ्यांबद्दल त्याची मतं फार प्रेमळ आहेत असं नाही. पण गडकऱ्यांबद्दल लिहिताना तो नोंदवतो की, ही माणसं गडाला आई म्हणतात, पोसणारी आई. या नोंदीपाशी मी दरवेळी थांबतो. 'आई' हा शब्द आपल्याकडे सहज भावनेच्या भरात वापरला जातो. इथं मात्र तो अगदी रोकडा आहे. आई म्हणजे जेवायला घालणारी. तिच्यावर कोणी चालून आलं, तर आपल्या ताटावरच चालून आलं.

आता याची दुसरी बाजू पाहायला फार लांब जायला नको. आमच्या कागलचंच उदाहरण आहे. कागलचे घाटगे हे आदिलशाहीपासूनचं मातब्बर घराणं, सर्जेराव हा त्यांचा किताब. हे घोड्यावरचे लढवय्ये, जहागीरदार. याच घराण्यातले सखारामराव ऊर्फ सर्जेराव घाटगे हे दौलतराव शिंद्यांचे सासरे. त्यांची मुलगी बायजाबाई हिचा जन्म कागलचा. घोड्यावर बसण्यात आणि भाला चालवण्यात तिचा हातखंडा होता असं सांगतात, आणि पुढं १८२७ ते १८३३ या काळात तिने ग्वाल्हेरचं राज्य चालवलं. मुलीचं नाव आम्ही अभिमानाने घेतो. वडिलांचं घेताना आवाज जरा खाली येतो. कारण १७९८ साली शिंद्यांची प्रचंड फौज पुण्यात तळ देऊन बसली होती, तिचे पगार थकले होते, आणि ते भागवण्यासाठी याच सर्जेरावांनी पुण्यातल्या सावकारांना आणि सरदारांना पकडून, मारहाण करून पैसा उकळला. पुण्याने ते दिवस पुढं कित्येक वर्षं विसरले नाहीत. सर्जेराव क्रूर होते, यात शंका नाही. पण त्यांच्या क्रौर्याच्या मागे फौजेची रिकामी पोटं होती, हेही विसरता येत नाही. रोख पगारावरची फौज आणि जमिनीवरची शिबंदी, यांत फरक पडतो तो इथं. पगार थकला की पहिली फौज आपल्याच शहराकडे तोंड फिरवते. गडकऱ्याला लुटायला दुसरं गाव नव्हतं. त्याचं गाव गडाच्या पायथ्याशीच होतं.

रामचंद्रपंत अमात्यांचं आज्ञापत्र हे कोल्हापूरच्या गादीच्या छायेत, अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात लिहिलं गेलं. त्यातलं दुर्गांचं प्रकरण वाचलं की कळतं, जुन्या माणसांचं लक्ष कुठं होतं. गड बांधण्याआधी पाणी पाहा. एका झऱ्यावर विसंबू नका, तोफांच्या आवाजाने झरे आटतात, म्हणून टाकी खोदून साठा ठेवा. गडावर झाडं लावा, ती राखा, प्रसंगी त्यांचं लाकूड कामी येईल. शौर्यावर पानंच्या पानं खर्च न करता अमात्य पाण्याबद्दल आणि लाकडाबद्दल बोलतात. पन्हाळ्यावर गेलात, तर अंबरखान्यातली गंगा, यमुना, सरस्वती ही धान्याची कोठारं पाहा. एकट्या गंगा कोठीत पंचवीस हजार खंडी धान्य मावे, असं सांगतात. १६६० मध्ये सिद्दी जौहरच्या वेढ्यात शिवाजी महाराज सुमारे चार महिने पन्हाळ्यावर होते. पावनखिंडीची एक रात्र आपण दरवर्षी आठवतो, आणि ती आठवायलाच हवी. त्या रात्रीआधीचे चार महिने या कोठारांनी काढले, ते मात्र कुणाला आठवत नाहीत.

गडकऱ्यांची जीवनरीतही अशीच दुहेरी होती. खंडेनवमीला आपल्याकडे शस्त्रं पुजतात. शेतकऱ्याच्या घरात त्या दिवशी तलवार असली तर ती, आणि तिच्या शेजारी विळा, कोयता, कुऱ्हाड, नांगराचा फाळ. सगळ्यांना एकच हळदकुंकू, एकच झेंडूचं फूल. दसरा येतो तोही पीक हाताशी येण्याच्या सुमारास. पाऊस सरला, नद्या उतरल्या, की शिलंगण करून स्वारीला निघायचं, आणि पेरणीच्या आत परतायचं. लढाईचं पंचांग हे शेतीच्याच पंचांगातून निघालेलं होतं.

ही व्यवस्था मोडली कशी, ती हकीकत आमच्याच मुलखातली आहे आणि शाळेच्या पुस्तकात ती दोन ओळींत आटोपते. १८३८ मध्ये कोल्हापूरचे शहाजी ऊर्फ बुवासाहेब महाराज वारले. गादीवर अल्पवयीन मुलगा. कारभारात गोंधळ माजला. तेव्हा कंपनी सरकारने दाजी कृष्ण पंडित यांना कारभारी म्हणून नेमलं. दाजी पंडित हे शिस्तीचे, हिशेबी गृहस्थ. राज्याचा वसूल सुधारायचा, तर सगळ्या जमिनी एका व्यवस्थेखाली आणायला हव्यात, असं त्यांनी ठरवलं आणि गडकऱ्यांच्या जमिनींचा कारभार गडाकडून काढून मामलेदारांकडे दिला.

कागदावर पाहिलं, तर यात भयंकर काही नाही. उद्या एखाद्या कचेरीचं दप्तर या इमारतीतून त्या इमारतीत हलवावं, तसं ते दिसतं. पण सामानगडावरच्या माणसाच्या जागी बसून बघा. आजवर आपलं शेत आणि आपला गड हे एकच होतं. आता शेताचा धनी खालच्या कचेरीत बसणार, तो सांगेल तेव्हा देणार, सांगेल तेवढं देणार. उद्या तो म्हणाला की गडावर पहाऱ्याची गरजच काय, तर? आईला आणि तिच्या हातच्या भाकरीला वेगळं केलं, की पुढं काय होणार हे समजायला अक्षर ओळख लागत नाही.

जुलै १८४४ मध्ये गडहिंग्लजजवळच्या सामानगडच्या गडकऱ्यांनी दरवाजे लावून घेतले. पाठोपाठ भुदरगडानेही तेच केलं. बाहेरून पावसाळा, आत ठाण मांडून बसलेली माणसं. कोल्हापूरच्या फौजेला हे आवरेना, तेव्हा बेळगावहून इंग्रजी पलटणी निघाल्या. सामानगड काही पन्हाळ्याएवढा मोठा नाही. पण कातळात खोदलेल्या विहिरी आहेत, चहूबाजूंनी तट आहे, आणि मुख्य म्हणजे आतल्या माणसांना परत जाण्यासारखं काही उरलेलं नव्हतं. १३ ऑक्टोबरला तोफांनी तट फोडून इंग्रजांनी गड घेतला. बंड तरी थांबलं नाही. साताऱ्याचा रेसिडेंट कर्नल ओव्हान्स याला बंडवाल्यांनी वाटेत पकडलं आणि पन्हाळ्यावर नेऊन कैदेत ठेवलं. १ डिसेंबर १८४४ ला पन्हाळा पडला. बंडाचे पुढारी बाबाजी अहिरेकर तिथं मारले गेले. लोण सावंतवाडीकडे गेलं आणि तिथल्या रानांत १८४५ पर्यंत धुमसत राहिलं.

या बंडाला कोणी १८५७ ची नांदी म्हणतात, कोणी स्वातंत्र्ययुद्ध म्हणतात. मला स्वतःला इतकी मोठी नावं द्यायचा मोह होत नाही. त्या माणसांना दिल्लीच्या तख्ताशी कर्तव्य नव्हतं. त्यांना आपला गड आणि आपलं शेत एकत्र हवं होतं. एवढ्यासाठी माणूस तोफेसमोर उभा राहतो, हे पुरेसं मोठं आहे.

बंड मोडल्यावर तट आणि दरवाजे पाडले गेले. आज पन्हाळ्यावर चार दरवाजा म्हणतात तिथं उरलेत ते नुसते अवशेष. वंशपरंपरेची शिबंदी बरखास्त झाली. वर, बंड मोडायला आलेला खर्च कोल्हापूर संस्थानाच्याच नावे मांडला गेला.

वरच्या फळीतल्या माणसांचं पुढं कसंबसं निभावलं. कुणी पाटीलकी धरली, कुणी कचेरीत गेलं, कुणी शेतीत रमलं. खरी दशा झाली ती घेऱ्यातल्या माणसांची. त्याचा नमुना पुण्याकडे आधीच दिसला होता. पुरंदरच्या राखणीचं काम रामोशांकडे होतं. पेशवाईच्या अखेरीस आणि इंग्रजी अमलात ते काम गेलं, त्याबरोबर उत्पन्नही गेलं, आणि त्याच रामोशांमधून उमाजी नाईक उभे राहिले. ३ फेब्रुवारी १८३२ रोजी त्यांना पुण्यात फाशी झाली. राखण करणाऱ्याला रानवाटा माहीत असतात, रात्री जागायची सवय असते, पावलांचा आवाज न करता चालता येतं. राखणीचं काम आहे तोवर हे गुण. काम काढून घेतलं की तेच पुरावे होतात. १८७१ चा गुन्हेगार जमातींचा कायदा आला, १९११ मध्ये तो मुंबई इलाख्यालाही लागू झाला, आणि ज्यांच्या भरवशावर गड झोपत होते, त्यांना रोज चावडीवर हजेरी द्यावी लागू लागली. गावात चोरी झाली की आधी त्यांना उचलायचं. हा कायदा १९५२ मध्ये रद्द झाला, सवय मात्र लगेच गेली नाही. सीमाभागातले भीमराव गस्ती यांचं 'बेरड' हे आत्मचरित्र ज्यांनी वाचलं असेल, त्यांना मी काय म्हणतो ते कळेल.

आणि याच सुमारास इंग्रजांनी दुसरा एक शोध लावला होता. काही जाती म्हणे जन्मतःच लढवय्या असतात आणि काही नसतात! सरसेनापती लॉर्ड रॉबर्ट्स यांना उत्तरेकडची माणसं लढवय्यी वाटत, दक्षिणेकडची नव्हे. या हिशेबात १८९० च्या दशकात महारांची सैन्यभरती बंद झाली. कंपनीच्या मुंबई पलटणींत पिढ्यान्‌पिढ्या लढलेल्या घरांना एका सकाळी सांगण्यात आलं की, तुमच्या रक्तात शौर्य नाही. निवृत्त सैनिकांनी अर्ज केले, विनंत्या केल्या, दाद लागली नाही. पुढं पहिलं महायुद्ध आलं, माणसं कमी पडू लागली, आणि १९१७ मध्ये एक महार पलटण उभी राहिली. युद्ध संपल्यावर तीही मोडली. दुसरं महायुद्ध आलं, आणि १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावात महार रेजिमेंटची स्थापना झाली. म्हणजे रक्तातलं शौर्य सरकारच्या गरजेप्रमाणे येत होतं आणि जात होतं.

यात आमच्या कागलचा एक धागा आहे, तो सांगितल्याशिवाय पुढं जाववत नाही. कागलच्या घाटग्यांच्याच घरात १८७४ मध्ये जन्मलेले यशवंतराव १८८४ मध्ये कोल्हापूरला दत्तक गेले आणि शाहू महाराज झाले. महार, मांग, रामोशी, बेरड यांची ती रोजची हजेरी त्यांनी १९१८ मध्ये आपल्या संस्थानात बंद केली. त्याच वर्षी महार वतनातली वेठ काढून त्या जमिनी रयताव्याने करून दिल्या. म्हणजे काय केलं? तर मधल्या काळात चाकरीचा गळफास झालेली जमीन त्या माणसाच्या नावावर मोकळी केली. मार्च १९२० मध्ये माणगावला बहिष्कृतांची परिषद भरली. अध्यक्ष होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर, सुभेदार रामजी सकपाळांचे चिरंजीव. शाहू महाराज स्वतः हजर होते. हे माणगाव तेव्हा कागल जहागिरीत होतं. एक सुभेदाराचा मुलगा, एक सर्जेरावांच्या घराण्यातला, आणि समोर बसलेली माणसं बहुतेक त्या लोकांचे वंशज, ज्यांचे आजे-पणजे कुठल्या ना कुठल्या घेऱ्यात, वेशीवर राखणीला उभे होते.

मग त्या लढाऊपणाचं उरलं काय? उरलं ते तालमींत. कोल्हापूरकडचा मर्दानी खेळ आता साऱ्या महाराष्ट्राला माहीत झाला आहे. लाठी, फरीगदगा, भाला, विटा, दांडपट्टा. फेब्रुवारी २०२४ मध्ये दांडपट्ट्याला महाराष्ट्राचं राज्यशस्त्र म्हणून मान मिळाला. दांडपट्टा मुद्दाम जवळून पाहण्यासारखा असतो. त्याला नुसती मूठ नसते, कोपरापर्यंत हात झाकणारं लोखंडी संरक्षण असतं. त्यामुळे मनगट वळत नाही. मनगट वळत नाही, म्हणून अख्खा हात वळवावा लागतो, आणि हात वळवायचा तर सगळं अंग फिरवावं लागतं. पट्टा फिरवणारा भोवऱ्यासारखा फिरतो, तो दिखावा नव्हे, त्या हत्याराची ती गरजच आहे. विटा म्हणजे दोरी बांधलेला छोटा भाला. फेकला तरी दोरी हाताशी राहते, ओढून परत घेता येतो. जुन्या कागदांत विटेकरी शिपाई भेटतात ते हेच.

लग्नातला तो मुलगा पुढच्या रविवारी माझ्याकडे आला. "आजोबा, ते गडकरी कुठं बघायला मिळतील?" मी म्हटलं, चल. कागलपासून जवळच्याच एका गावात, देवळामागच्या पटांगणात पोरं-पोरी मर्दानी खेळ शिकतात, तिथं त्याला घेऊन गेलो. संध्याकाळचे सहा वाजले होते. पटांगण रिकामं. वस्ताद एकटेच लाठ्या पुसत बसले होते. मुलगा घड्याळ बघायला लागला. वस्ताद म्हणाले, "बसा की वाईच. धारा काढून, डेअरीला दूध घालून येत्यात सगळी. साडेसातच्या आत कोण येत न्हाई."

साडेसातला एकेक जण येऊ लागला. सगळ्यांत आधी आली ती नववीतली एक मुलगी. दुधाची रिकामी किटली तिनं कट्ट्यावर ठेवली, ओढणी कमरेला बांधली आणि पट्टा उचलला.